दोन डॉलर तेरा सेंट : टिपेचा विसरलेला इतिहास

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार उपाहारगृहातील वाढप्याला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला किमान किती वेतन द्यावे? 2 डॉलर 13 सेंट. इतर कामगारांसाठी हीच किमान रक्कम 7.25 डॉलर आहे. मधली 5 डॉलर 12 सेंटांची दरी भरायची ती गिऱ्हाइकाने, टिपेच्या रूपाने. ती तशी भरून निघाली नाही, तरच उरलेली रक्कम मालकाने द्यावी, असे कायदा सांगतो. काही राज्यांनी आपापले दर वाढवले आहेत. परंतु संघराज्याचा 2.13 हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला मराठी तरुण पहिल्याच आठवड्यात येथे अडखळतो. बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवून उठण्याची त्याची सवय. तिथे बिलावर 18, 20, 22 टक्के असे पर्याय छापलेले, आणि काहीच न देता उठणे हा जवळजवळ अपमान. "ही टिप ऐच्छिक आहे की सक्तीची?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर मात्र शिष्टाचाराच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यासाठी रेल्वेच्या एका जुन्या डब्यात शिरावे लागते. आजचा धागा त्या डब्याविषयी आहे. लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा.

आधी एक प्रचलित दंतकथा बाजूला सारू. 'टिप' हे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टिट्यूड', म्हणजे 'तत्पर सेवेची हमी', या शब्दांचे लघुरूप असून लंडनच्या कॉफीगृहांत तशी पाटी लावलेली पेटी असे, ही कथा समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी उगवते. आद्याक्षरे जुळवून शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकात बोकाळली. 'टिप' हा शब्द त्याहून कितीतरी जुना. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत 'देणे', 'हाती सरकवणे' या अर्थाने तो आढळतो. जॉर्ज फार्कर याच्या 1707 साली रंगमंचावर आलेल्या 'द बोज स्ट्रॅटजेम' या नाटकात तो बक्षिशी देण्याच्या अर्थाने आलेला आहे. अन्य भाषांनी या पैशाला आपापल्या पेयांची नावे दिली. फ्रेंचांचे 'पूरब्वार' आणि जर्मनांचे 'ट्रिंकगेल्ड' यांचा अर्थ 'पिण्यासाठी पैसे'. रशियन माणूस 'चहासाठी' म्हणून देतो. आपले 'चहापाणी' त्याच पंगतीतले, फक्त आपल्याकडे त्या एका शब्दात बक्षिशी आणि लाच शेजारी-शेजारी बसतात. 'बक्षीस' फारसीतून आले. दिवाळीला गडीमाणसांना, पोस्टमनला द्यायची ती 'पोस्त'.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ही प्रथा उपाहारगृहांपेक्षा श्रीमंतांच्या वाड्यांत अधिक फोफावली होती. एखाद्या उमरावाकडे जेवायला गेलेला पाहुणा निघू लागला, की दारापाशी नोकरांची रांग उभी राही. एकाने टोपी द्यायची, दुसऱ्याने हातमोजे, तिसऱ्याने काठी, आणि प्रत्येकाच्या तळहातावर पाहुण्याने नाणे ठेवायचे. या नाण्यांना 'व्हेल्स' म्हणत. बेताच्या मिळकतीच्या माणसाला श्रीमंत मित्राचे आमंत्रण म्हणजे खर्चाची धास्ती वाटे. न्यूकॅसलच्या ड्यूककडे जेवून निघालेल्या सर टिमोथी वॉल्डो यांचा किस्सा त्या काळी गाजला होता. त्यांनी स्वयंपाक्याच्या हातावर चांदीचे क्राउन ठेवले. तो म्हणाला, आम्ही चांदी घेत नाही. वॉल्डोंनी नाणे शांतपणे खिशात टाकले आणि उत्तर दिले, मी सोने देत नाही.

जोनास हॅनवे नावाच्या व्यापारी समाजसुधारकाने याच ड्यूकला उद्देशून पत्रे लिहून या प्रथेवर टीका केली. त्याआधी, 1760 च्या सुमारास, स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरच्या सद्गृहस्थांनी व्हेल्स न देण्याचा ठराव केला होता. नोकरांना हा बदल मानवला नाही, आणि त्यात नवल काहीच नव्हते. 1764 साली लंडनच्या रॅनली उद्यानात पायिक नोकरांनी दंगा केला, दिवे-खिडक्या फोडल्या. वरच्या नाण्यांवर विसंबूनच मालकांनी त्यांचे पगार बेतलेले होते. नाणी थांबली आणि पगार तोच राहिला, तर त्यांचे पोट कसे भरणार? टिपेवरील वादाचे मूळ सूत्र या दंग्यातच दिसते. पुढच्या दीडशे वर्षांत त्यात एका मोठ्या गोष्टीची भर पडली, ती म्हणजे वर्णभेद.

अमेरिकन यादवी युद्ध 1865 साली संपले. गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्याच काळात तेथील धनिक युरोपच्या सफरी करून परतू लागले आणि येताना टिप देण्याची युरोपीय ऐट बरोबर घेऊन आले. आरंभी तिला विरोधच अधिक झाला. ज्या देशाने राजेरजवाड्यांना निरोप दिला, तेथे एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा, हे अनेकांना लांच्छनास्पद वाटे. विल्यम स्कॉट यांनी 1916 साली 'दि इचिंग पाम' या नावाचे पुस्तकच लिहिले. त्याचा सूर असा, की टिप ही लोकशाहीशी द्रोह करणारी सरंजामी खूण आहे.

तरीही ती रुजली. कारण नव्याने मुक्त झालेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांना ज्या थोड्या नोकऱ्या खुल्या होत्या, त्यांत वाढपी, हमाल, हॉटेलातील नोकर यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांना पूर्ण पगार द्यावा असे अनेक मालकांना वाटत नव्हते. 1902 साली जॉन स्पीड या दक्षिणेत वाढलेल्या पत्रकाराने हा भाव विलक्षण उघडपणे नोंदवला. कृष्णवर्णीय माणूस टिप घेणारच, ते त्याच्या कनिष्ठतेचे चिन्ह आहे. पण गोऱ्या माणसाच्या हातावर पैसे ठेवताना आपल्याला संकोच वाटतो, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता. टिपेविषयी इतके प्रामाणिक आणि इतके ओंगळ विधान माझ्या वाचनात दुसरे नाही.

आता तो रेल्वेचा डबा. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने 1867 पासून शयनयानांचा धंदा उभारला. मखमली पडदे, शुभ्र चादरी, रात्री बूट दारात ठेवावेत आणि सकाळी ते लखलखीत मिळावेत, असा थाट. या थाटासाठी हवे होते पोर्टर, आणि त्या कामावर पुलमन यांनी मुक्त झालेले गुलाम हेरून नेमले. मालकाच्या मर्जीकडे डोळे लावून वावरण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली असेल, हा हिशेब त्यामागे होता. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशी हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखावे, हीच ती जुनी रीत. येथे मालक जॉर्ज पुलमन. 1914 साली या हाकेविरुद्ध एक संघटना निघाली खरी, पण ती काढली जॉर्ज नावाच्या एका गोऱ्या उद्योजकाने, निम्मी थट्टा म्हणून. त्याला काळजी पोर्टरच्या मानाची नव्हती, स्वतःच्या नावाची होती!

पोर्टरचे काम कंपनी महिन्याला मैलांत मोजे. 11,000 मैल किंवा सुमारे 400 तास, इतके भरल्यावर महिन्याचा पगार. गाडी सुटण्यापूर्वी डबा सज्ज करण्यात जाणारा वेळ बहुधा हिशेबात धरला जात नसे. जेवण स्वतःच्या पैशाने, बुटाचे पॉलिशही स्वतःच्या पैशाने. टॉवेल हरवला तर पगारातून कपात. या सगळ्यानंतर घर चालायचे ते टिपेवर. म्हणजे अपमानकारक हाकेलाही हसून 'येस सर' म्हणणे हा शिष्टाचाराचा भाग उरला नव्हता. त्यावर मुलांची फी अवलंबून होती.

1897 साली पुलमन वारले आणि कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती आली, त्यांचे नाव होते रॉबर्ट टॉड लिंकन. होय, गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. 1915 साली औद्योगिक संबंधांविषयीच्या संघराज्य आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. पोर्टरचा किमान पगार तेव्हा महिन्याला 27.50 डॉलर होता आणि उरलेली भर प्रवाशांच्या टिपेतून पडते, हे त्या चौकशीत उघडपणे मांडले गेले. इतिहास कधी कधी असे योग जुळवतो, की कादंबरीकाराने ते लिहिले तर आपण त्याला अतिशयोक्त म्हणू.

दरम्यान काही राज्यांनी टिपेवर थेट बंदी घालून पाहिली. 1909 साली वॉशिंग्टन राज्याने पहिला कायदा केला. मिसिसिपी, आर्कान्सॉ, आयोवा, दक्षिण कॅरोलिना, टेनेसी यांनी पुढील सहा वर्षांत तोच मार्ग धरला. हे कायदे फारसे कोणी पाळले नाहीत. वॉशिंग्टनने 1913 मध्येच आपला कायदा मागे घेतला, आयोवाचा कायदा 1919 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला आणि 1926 साली मिसिसिपीचाही कायदा रद्द झाला. या कायद्यांमागची भावना उदात्त असेल; परंतु टिप बंद झाल्यावर त्या माणसाला पगार कोण आणि किती देणार, याची सोय त्यांत नव्हती. ॲबर्डीनशायरच्या सद्गृहस्थांनी तरी नोकरांचे पगार वाढवण्याची भाषा केली होती.

आणि टिपेचे पैसे दर वेळी घेणाऱ्याच्याच खिशात जात, असेही नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या बड्या उपाहारगृहांनी कोट-टोप्या सांभाळण्याचे काम ठेकेदारांना विकले होते. दारातील मुलीच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून दिलेले नाणे सरळ ठेकेदाराच्या पेटीत पडे. मुलींनी ते ठेवून घेऊ नये म्हणून त्यांच्या गणवेशाला खिसे नसत.

1925 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोर्टरांनी आपली संघटना स्थापन केली, 'ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स'. नेतृत्वासाठी त्यांनी निवडले ए. फिलिप रँडॉल्फ यांना. रँडॉल्फ पोर्टर नव्हते, एका मासिकाचे संपादक होते. म्हणूनच कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. (याच रँडॉल्फ यांनी पुढे गांधीजींच्या सत्याग्रहापासून प्रेरणा घेत 1941 साली वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची चळवळ उभारली, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.) पोर्टरचा पगार तेव्हा महिन्याला 67.50 डॉलर होता. संघटनेने मागितले 150 डॉलर, 240 तासांचा महिना आणि टिपेचा अंत. ज्यांचे घर टिपेवर चालत होते, तेच ती नको म्हणत होते, हे नीट लक्षात घ्या. सगळ्या पोर्टरांना ही मागणी पटली होती, असे नाही. चांगल्या मार्गावरच्या मुरब्बी पोर्टरला श्रीमंत प्रवाशांकडून घसघशीत रक्कम मिळे. हातची नाणी सोडून कागदावरच्या पगारामागे का धावावे, हा त्याचा प्रश्न आजही वाढप्यांच्या तोंडी ऐकू येतो.

संघटनेने आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दाद मागितली. तिचा युक्तिवाद बिनतोड होता. रेल्वेचे भाडे ठरवून दिलेले असते. कंपनी पोर्टरला अपुरा पगार देते आणि उरलेला प्रवाशाकडून काढायला लावते. म्हणजे प्रवासी जाहीर भाड्यापेक्षा अधिक मोजतो, आणि हे कायद्याविरुद्ध आहे. 1928 साली आयोगाने हा आपल्या अधिकारकक्षेतील विषय नाही असे सांगून अर्ज फेटाळला.

याच 1928 साली आपल्या मुंबईत काय घडत होते, हे पाहण्याजोगे आहे. मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 19 मार्च रोजी 1874 च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. प्रश्न महार वतनाचा होता. महार हा सरकारचा नोकर. काम सरकारचे, वेळ-अवेळ न पाहता करायचे. मोबदला मात्र बव्हंशी वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावातील रयतेकडून मिळणारे बलुते. नोकराने मान वर केली, की रयत बलुते अडवू शकत असे. काम घेणाऱ्यानेच रोख पगार द्यावा, त्याचे पोट तिसऱ्याच्या मर्जीवर टांगू नये, ही बाबासाहेबांची मागणी होती. शिकागोची कंपनी आणि मुंबई इलाख्याचे सरकार यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बलुते म्हणजे टिप असेही कोणी म्हणणार नाही; बलुत्याला रूढीने हक्काचे स्थान होते, तर टिपेला तेवढेही नाही. परंतु दोन्हीकडची युक्ती एकच होती: नोकर आपला, पगार दुसऱ्याच्या दयेचा. बाबासाहेबांना ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. ही कनिष्ठ गाववतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडले.

पोर्टरांची लढाई त्यामानाने लवकर फळली. 25 ऑगस्ट 1937 रोजी, संघटनेच्या स्थापनेला बरोबर बारा वर्षे होत असताना, पुलमन कंपनीने तिच्याशी करार केला. पगार वाढला, तास घटले. टिप बंद झाली नाही, पण तिच्यावाचून जगता येण्याइतका आधार मिळाला.

पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला: तासाला 25 सेंट. उपाहारगृहे आणि हॉटेलांतील बहुसंख्य नोकर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. स्थानकावरचे 'रेडकॅप', म्हणजे लाल टोपीवाले हमाल, मात्र कक्षेत आले. आपल्याकडचे लाल डगलेवाले हमाल आठवा. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या स्थानक कंपनीकडून या हमालांना तोपर्यंत पगार असा मिळतच नव्हता; ते केवळ टिपेवर काम करत. कायदा लागू होताच कंपनीने सूचनापत्र काढले: मिळालेल्या टिपेचा रोज हिशेब द्या, ती 25 सेंटांपेक्षा कमी भरली, तर फरक आम्ही देऊ. म्हणजे प्रवाशाने हमालाला दिलेले पैसे कंपनीने 'आमचा पगार' म्हणून मोजायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1942 साली बहुमताने निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी भिन्नमत नोंदवले.

2.13 च्या आकड्याचे बीज या हमालांच्या खटल्यात आहे. 1966 साली किमान वेतन उपाहारगृहांपर्यंत पोहोचले, पण येताना सवलत घेऊन आले: किमान वेतनाचा निम्मा भाग मालकाने टिपेतून वळता करावा. 1991 साली किमान वेतन 4.25 डॉलर झाले. त्याचे निम्मे 2.125, म्हणजेच 2.13. 1996 साली सर्वसाधारण किमान वेतन वाढवताना, उपाहारगृह मालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रयत्नांमुळे, टिप घेणाऱ्यांचा आकडा तेथेच गोठवण्यात आला. तेव्हापासून अनेक वेळा किमान वेतन वाढले. 2.13 तसेच राहिले.

मग टिप बंद का करत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. न्यूयॉर्कचे नामवंत उपाहारगृह-व्यावसायिक डॅनी मायर यांनी 2015 पासून आपल्या उपाहारगृहांत टिप बंद करून किमती वाढवल्या. 2020 साली त्यांनी तो प्रयोग सोडला. वॉशिंग्टन शहराच्या मतदारांनी 2018 साली टिपेची सवलत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. नगर परिषदेने काही महिन्यांतच तो फिरवला, आणि 2022 साली मतदारांनी तो पुन्हा मंजूर केला. विरोधकांत केवळ मालक नव्हते, अनेक वाढपी आणि मद्यपेयांच्या काउंटरवरचे कर्मचारीही होते. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. महागड्या उपाहारगृहात शुक्रवारी रात्री मिळणारी टिप कोणत्याही पगारापेक्षा अधिक असते, हे खरेच आहे. महामार्गावरच्या साध्या खाणावळीत मंगळवारी दुपारी कॉफी ओतणाऱ्या बाईचे गणित मात्र वेगळे असते.

फ्रान्सने निराळी वाट काढली. तेथे 1987 च्या आदेशानुसार दरपत्रकावरच्या किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असावा लागतो. वर ठेवलेली नाणी खुशीची.

आपल्याकडचा वाद दुसऱ्या टोकाने सुरू झाला, बिलात आपोआप लावलेल्या सेवाशुल्कावरून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी असे शुल्क परस्पर लावण्यास मनाई केली, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश उचलून धरले. ही चर्चा बहुतांशी ग्राहकाच्या बाजूने झाली; वाढप्याच्या पगाराची बाब तिच्यात क्वचितच डोकावली. त्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आयटीसी कंपनीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल. प्रश्न प्राप्तिकराचा होता: कार्डाने दिलेली टिप हॉटेलने नोकरांत वाटली, तर तिला पगार समजून मालकाने कर कापायचा का? न्यायालयाने सांगितले, नाही; ती ग्राहकाकडून आलेली रक्कम आहे आणि मालकाकडे ती मागण्याचा नोकराला हक्क नाही. जॅक्सनव्हिलच्या हमालांना 1942 साली जे उत्तर मिळाले, त्याच्या हे जवळजवळ उलट आहे. अर्थात येथे विषय कराचा होता, किमान वेतनाचा नव्हे.

अमेरिकेत आज सात राज्ये टिपेची वजावट मान्य करत नाहीत. मालकाने पूर्ण किमान वेतन द्यायचे, टिप त्यावर. कॅलिफोर्निया त्यांतले लोकसंख्येने सर्वांत मोठे. 1909 साली टिपेवर पहिली बंदी घालून चार वर्षांत माघार घेणारे वॉशिंग्टन राज्यही त्यांत आहे. संघराज्याच्या पातळीवर जुलै 2025 मध्ये नवा कायदा झाला, ज्यान्वये वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या टिपेवर काही वर्षांसाठी प्राप्तिकरात सूट मिळते. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी निवडणुकीत या सुटीचे आश्वासन दिले होते. 2 डॉलर 13 सेंटांना त्या कायद्याने हात लावलेला नाही.